वहिनी, इथं सही

पन्नाशी ओलांडलेली, बंगल्यात राहणारी, दाराशी गाडी आणि ड्रायव्हर असलेली बाई ‘या संसारात मी नेमकी कोण?’ असं विचारू लागली, की तिला मिळणारं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : सुख टोचतंय. सासरचे तोंडावर म्हणतात, मैत्रिणी पाठीमागे म्हणतात, आणि बायकांच्या प्रश्नांवर हिरिरीने लिहिणारेही मनातल्या मनात तेच म्हणतात. दुःखांची आपल्याकडे एक रांग लागलेली आहे. दारूड्याचा मार खाणारी पुढे, तिच्यामागे हुंड्यापायी घराबाहेर काढलेली, ऊसतोडीला जाऊन गर्भाशय गमावलेली. या रांगेत रेशमी साडीतली बाई येऊन उभी राहिली तर बाकीच्यांनी वळून पाहावं आणि हसावं, हे साहजिक आहे. रांगेबद्दल माझी तक्रार नाही. पण कुणाचं दुःख मोठं हे ठरवून झाल्यावरही कुणाच्या प्रश्नातून काय दिसतं, ते पाहायचं उरतंच.

गरीब घरात बाईच्या शब्दाला किंमत नसली, की आपण कारण बाहेर शोधतो. शिक्षण नाही, पैसा नाही, राहायला दोन खोल्याही नाहीत, नवऱ्याला काम नाही, म्हणून हे असं. कारणं खरी असतात, आणि त्यांच्याआड लग्न ही गोष्ट सुखरूप राहते. आता यातली एकेक अडचण दूर करून पाहा. पैसा आहे. बाई पदवीधर आहे. नवरा निर्व्यसनी आहे, हात उगारत नाही, वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या आणतो. तरीही त्या घरात काय विकायचं, काय घ्यायचं, कुणाला किती द्यायचं, कुठे राहायचं हे तिला विचारून ठरत नसेल, तर दोष कशाला द्यायचा? गरिबीला देता येत नाही, दारूला देता येत नाही. लग्न एवढंच शिल्लक राहतं. श्रीमंत बाईचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्याचसाठी. तिच्या घरात लग्न उघडं पडतं.

देवळाली कॅम्प हे तसं पाहायला सोयीचं ठिकाण. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी लष्करासाठी वसवलेली ही छावणी. हवा कोरडी, म्हणून मुंबईच्या पारशी, गुजराती, बोहरी मंडळींनी इथे सॅनिटोरियमं बांधली, सुट्टीचे बंगले बांधले. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी कुटुंबांनी बाजारपेठेला रूप दिलं. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे अधूनमधून खिडक्या हादरतात आणि कुणी मान वर करत नाही. लॅम रोडने संध्याकाळी चालत गेलं, की लांबच लांब कुंपणं, आत आंबा-चिंचेची जुनी झाडं आणि निम्मे बंगले बंद. शुक्रवारी रात्री मुंबईच्या गाड्या येतात, रविवारी दुपारी जेवणं उरकून परततात. अलीकडे यात नाशिकच्या पैशाची भर पडली आहे. सातपूर-अंबडचे कारखानदार, बांधकामवाले, द्राक्षं परदेशी धाडणारे बागायतदार यांनाही शहराच्या गर्दीपेक्षा कॅम्प, संसरी, भगूरकडची मोकळी हवा बरी वाटते. साहेब सकाळी बाहेर पडतात. बंगल्यात मॅडम असतात.

जुन्या छावण्यांमध्ये जमिनीच्या हक्काचा ‘ओल्ड ग्रँट’ म्हणून एक प्रकार आहे. जमीन सरकारची, तिच्यावरचं बांधकाम बंगलेवाल्याचं. सरकारला जमीन हवी झाली तर नोटीस द्यायची, बांधकामाची भरपाई द्यायची, जागा परत घ्यायची. माणसं पिढ्यानपिढ्या राहतात, व्हरांड्याला रंग देतात, कौलं शाकारतात, पोरांची लग्नं लावतात. खालच्या जमिनीचा विचार कधी मनात येत नाही, कारण येण्याचं कारणच पडत नाही. या बंगल्यांमधल्या कित्येक बायकांची लग्नं मला याच प्रकारात मोडणारी वाटतात. वर उभं आहे ते सगळं तिने उभं केलेलं, आणि खाली तिचं काही नाही.

हे पन्नाशीतच का लक्षात येतं, याचं उत्तर लोक शरीरात शोधतात. पाळी जाण्याचं वय आहे, चिडचिड होणारच. शरीराचा भाग असेलही, पण माझ्या मते या वयात कागद जास्त निघतात. मुलगा परदेशी किंवा धंद्यात जातो, सासू-सासरे जातात, वारसाच्या नोंदी लागतात. माहेरी वडील जातात आणि भावाचा फोन येतो, ‘ताई, एकदा येऊन जा, सही लागणार आहे.’ ती सही हक्कसोडपत्रावर असते. परवापरवापर्यंत दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर बहीण वडिलोपार्जित जमिनीतला वाटा भावाला सोडून देऊ शकत होती. दोनशे रुपयांत इतकी मोठी उलाढाल दुसरी कुठलीही होत नसेल. दिवाळीची साडी, भाऊबीजेचं ताट, माहेरी गेल्यावर उघडणारं दार, हे सगळं त्या सहीला बांधलेलं असतं, आणि हे दोन्ही बाजूंना न बोलता ठाऊक असतं.

आज पंचावन्नच्या आसपास असलेल्या बाईची यात एक खास गंमत झालेली आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ रोजी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला मुलाप्रमाणे जन्मापासून वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं. देशात फार थोड्या राज्यांनी तोवर हे केलं होतं, आणि त्याचा अभिमान आपण बाळगतो. पण त्या तारखेपूर्वी जिचं लग्न झालं तिला यातून वगळलं होतं. म्हणजे १९९२-९३ च्या लग्नसराईत बोहल्यावर चढलेली मुलगी वडिलांच्या घरातून कायद्यानेच बाहेर, आणि तिची त्या तारखेपर्यंत लग्न न झालेली धाकटी बहीण आत. २००५ साली केंद्राच्या कायद्याने ही भिंत पाडली, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलासुरला संशय दूर केला. तोवर पुष्कळ घरांत वाटण्या होऊन गेल्या होत्या. त्या पिढीतल्या बाईने आयुष्याची मधली वर्षं ‘आपलं काय ते सासरीच’ अशा समजुतीवर काढली. त्यामुळे सासरी आपलं काय आहे, हा प्रश्न तिला इतर कुणाहीपेक्षा उशिरा पडतो आणि जास्त झोंबतो.

सासरी तिचं काय आहे? कागदावर पाहिलं तर भरपूर. पुढचं चित्र कुणा एकीचं नाही. कॅम्पात, नाशिकरोडला, कॉलेज रोडला कानावर आलेल्या बऱ्याच गोष्टींतून ते जमलेलं आहे. मार्च संपत आला, की सीएच्या ऑफिसातला मुलगा जाडजूड फाइल घेऊन येतो. जिथे सही हवी तिथे आधीच पिवळे चिकट कागद लावलेले असतात. ‘वहिनी, इथं सही. इथं पण. या पानावर नुसतं इनिशियल.’ एकीकडे ती कुकरची शिट्टी झाली का ते स्वयंपाकघरात विचारते, दुसरीकडे सही करते. मध्येच विचारते, ‘हे कशाचं आहे रे?’ मुलगा बिचारा अवघडतो. त्यालाही नीट माहीत नसतं. ‘ते साहेबांना माहितीये, वहिनी.’ या पंधरा-वीस मिनिटांत ती एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची संचालक असते, एका कर्जाची जामीनदार असते, एका प्लॉटची मालकीण असते आणि एका फ्लॅटची विक्री करणारी असते. मुलाला चहा दिला जातो. तो निघून जातो आणि ती पुन्हा मॅडम होते.

तिचं नाव इतक्या ठिकाणी का असतं, हे प्रेमाने समजावून सांगितलं जातं : ‘सगळं तुझ्याच तर नावावर आहे.’ खरं आहे. बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दोन कोटींच्या व्यवहारात ते दोन लाख होतात. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावाने घेतलेली मिळकत बेनामी धरत नाहीत. पण सगळ्यात बोलकं कलम आयकर कायद्यात सापडतं. नवऱ्याने बायकोला पुरेसा मोबदला न घेता मालमत्ता दिली, तर तिच्यातून येणारं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं. कर चुकवायला वाट राहू नये म्हणून हे केलं, आणि ते योग्यच आहे. पण सरकार त्यात एक गोष्ट मान्य करून बसलं आहे : बायकोला दिलं म्हणजे दिलं असं काही नसतं. एका बाबतीत मात्र सरकारने विवाहित बाईला उदारपणे मोजलं आहे. धाडीच्या वेळी तिच्याकडचे ५०० ग्रॅमपर्यंत दागिने जप्त करू नयेत, असं ११ मे १९९४चं परिपत्रक आहे. अविवाहितेला २५०, पुरुषाला १००. १९९४ साल बायकांच्या बाबतीत भलतंच कामाचं गेलं, म्हणायचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित बायकांना तीन साधे प्रश्न विचारतात. तुमच्या आजारपणातला निर्णय कोण घेतं, घरातली मोठी खरेदी कोण ठरवतं, तुम्ही माहेरी किंवा नातेवाइकांकडे कधी जायचं हे कोण ठरवतं. प्रश्न गावातल्या, वस्तीतल्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून केलेले वाटतात. ते लॅम रोडवर विचारून पाहावेत. आजारपण : हॉस्पिटल कुठलं ते साहेबांचे डॉक्टर मित्र सांगतात. खरेदी : सोफ्याचा रंग तिने ठरवला, सोफ्याच्या खालची जागा कुणी ठरवली ते विचारू नका. माहेर : गाडी मोकळी असेल तेव्हा. गाड्या तीन असल्या तरी ‘मोकळी असेल तेव्हा’.

काम तर ती करतेच, आणि त्याची मोजणी कुठेच होत नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, आणि पुरुष ९७, असं निघालं. बंगल्यातल्या बाईच्या हाताखाली माणसं आहेत, तेव्हा तिची मिनिटं या आकड्यात नीट बसणार नाहीत. तिचं काम वेगळ्या जातीचं आहे. दिवाळीला कुठल्या अधिकाऱ्याच्या घरी सुक्या मेव्याचा डबा जायचा आणि कुठे चांदीची वाटी, हे तिला पाठ असतं. बँकेच्या मॅनेजरच्या मुलीच्या लग्नात तिने दोन तास बसून यायचं. मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्याच्या जैन बायकोसाठी कांदा-लसणाशिवाय पंचवीस पानं. फुटू पाहणाऱ्या दिराला गणपतीत घरी बोलावून जेवायला वाढायचं आणि त्याच्या मनात काय चाललंय ते काढून घ्यायचं. कंपन्यांमध्ये याच कामाला माणसं नेमतात आणि त्यांना लठ्ठ पगार देतात. इथे त्याला ‘आमच्या हिला माणसांची आवड’ म्हणतात.

हे आजचंच नाही. देवळालीहून गाडीने गेलं तर पांडवलेणी फार लांब नाहीत. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने एका खोलीचं दान केल्याचा लेख आहे. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. हे सगळं दुसऱ्या शतकातलं. दोघीही आजच्या कुठल्याही कारखानदाराच्या बायकोहून श्रीमंत, दोघींचं दान स्वतःच्या नावाने. पण लेख वाचायला गेलं, की दक्षमित्रा ही नहपानाची मुलगी आणि दीनिकपुत्र उषवदाताची बायको. बलश्रीचा लेख बहुतांशी मुलाच्या, गौतमीपुत्राच्या, पराक्रमाने भरलेला. आपण वर्षानुवर्षं पोरांना अभिमानाने सांगत आलो, की सातवाहन राजे आईचं नाव लावत. लावत होते. आई मात्र स्वतःबद्दल सांगताना मुलाचंच सांगत होती. हा दोष मी तिला देत नाही. दगडावर कोरण्यालायक असं तिच्याकडे तेच होतं, असं तिच्या काळाने तिला सांगितलं होतं.

मराठीत हा प्रश्न थेटपणे मांडणारी सगळ्यांत मोठी साक्ष सुनीता देशपांडे यांची. रत्नागिरीच्या सुखवस्तू ठाकूर घराण्यातली, बेचाळीसच्या चळवळीत भाग घेतलेली ही मुलगी. १९४६ साली तिने पु. ल. देशपांडे यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. पुलंच्या लेखनाचे करार, प्रयोगांच्या परवानग्या, मानधनं, पुढे त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाचा कारभार, हे सगळं काटेकोर सांभाळणारी बाई म्हणून लोक तिला ओळखत आणि थोडे बिचकतही. ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा पुलं हयात होते आणि महाराष्ट्राचे लाडके होते. लाडक्या माणसाच्या घरातल्या बेफिकिरीबद्दल त्याच्याच बायकोने लिहावं, हे पुष्कळांना मानवलं नाही. मला त्या वादात नेहमी एका गोष्टीचं आश्चर्य वाटत आलं. पुस्तक नवऱ्याविरुद्धची तक्रार म्हणून वाचलं गेलं. त्यात ती स्वतःवर काही कमी कोरडे ओढत नाही. तिची खरी खोड हिशेबाची होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाचे हिशेब चोख ठेवलेल्या बाईने एकदा स्वतःच्या नावाची वही उघडली आणि जमा-खर्च दोन्ही बाजू मांडल्या. सुनीताबाईंना कागद कळत होते, ही त्यांची आणि बंगल्यातल्या मॅडमची मोठी तफावत. आणि तरीही प्रश्न पडायचा तो पडलाच. म्हणजे नुसते कागद वाचता आले, की सगळं सुटतं असं नाही, हे मला मान्य करायला हवं.

‘अस्तित्व’ हा महेश मांजरेकरांचा २००० सालचा चित्रपट लोकांना आठवतो तो विवाहबाह्य संबंधांसाठी आणि तब्बूच्या शेवटच्या भाषणासाठी. त्यात संसाराला तडा कशाने जातो, ते कुणाला फारसं आठवत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा संगीतशिक्षक मरताना आपली मिळकत अदितीच्या नावाने ठेवून जातो. पुण्यातल्या त्या सुस्थितीतल्या घरात बायकोच्या नावाने परस्पर काहीतरी येतं, हीच नवऱ्याला न पचणारी पहिली गोष्ट. संशय त्यामागून येतो. तिच्या एकटेपणाची इतकी वर्षं त्याने दखल घेतली नव्हती. मृत्युपत्राची मात्र लगेच घेतली.

पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात गेलं, की हाच संसार वेगळ्या पायावर उभा असतो. १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा कुटुंबविषयक भाग तिथे अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत एक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा वाटा धरला जातो. घर किंवा जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात, मग ती कुणाच्याही नावावर असो. नवरा गेला तर बायकोचा अर्धा तिचाच असतो, वारसांची वाटणी उरलेल्या अर्ध्याची. गोव्याच्या कायद्याचे गोडवे गाताना एक गोष्ट दडवू नये : मिळकतीचा कारभार मात्र त्याच संहितेने नवऱ्याच्या हाती दिला होता. तरी एक फरक राहतोच. तिथे सही मागायला आलेल्या माणसाला ‘साहेबांना माहितीये’ एवढं म्हणून भागत नाही.

नाक्याच्या अलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात आणि उरलेल्या बहुतेक देशात, लग्नात कमावलेल्या मिळकतीवर बायकोचा असा हक्क नाही. मोडलं तर पोटगी मागता येते, राहायला घर मागता येतं, स्त्रीधन परत मागता येतं. सगळं मागायचं. घटस्फोटात नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत बायकोला वाटा देऊ पाहणारं विधेयक राज्यसभेने २०१३ साली मंजूर केलं, पुढे ते अडकलं आणि गेलं ते गेलंच. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये, आखातात नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत घर सांभाळणाऱ्या बायकोचा निम्मा वाटा मानला. निकाल मोलाचा आहे. तो एका उच्च न्यायालयाचा आहे, कायदा नव्हे. बंगल्यातल्या मॅडमची चुलत जाऊ कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली असेल, तर तिथल्या कायद्याने लग्नानंतरच्या कमाईत तिचा निम्मा वाटा. दोघी एकाच वर्षी, एकाच मांडवात उभ्या राहिलेल्या असू शकतात.

आता नाशिक जिल्ह्यातलीच एक गोष्ट, जी बंगल्यांच्या लक्षात नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. लाखाच्या घरात शेतकरी बायका आल्या होत्या, असं तेव्हाचे लोक अजून सांगतात. त्या वाटेवर पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. त्यांचा युक्तिवाद साधा आणि बोचरा होता. सरकारने आमचं देणं बुडवलं म्हणून आपण रस्त्यावर येतो, मग घरच्या लक्ष्मीच्या कष्टांचं जे देणं आपण बुडवलं त्याचं काय? आधी तिच्या नावाने जमीन करा. गावातल्या शंभर घरांनी असं केलं, की ते लक्ष्मीमुक्त गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरपासून विदर्भापर्यंत कैक गावांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं. त्यातलं किती टिकलं, किती दिखाऊ होतं यावर वाद घालता येईल. पण दोन-चार एकरवाल्याला जे सुचवता आलं, ते औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही संघटनेच्या वार्षिक सभेत आजवर कुणी सुचवलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

याचं एक कारण मालमत्तेच्या रूपात आहे. जमीन दिसते, बांध दिसतो. शेअर, तारण, हिंदू अविभक्त कुटुंबाचं खातं, चार कंपन्यांत एकमेकींत अडकवलेला पैसा दिसत नाही. हक्क मागायचा तर आधी काय आहे ते ठाऊक हवं. दुसरं कारण बाईच्या एकटेपणात आहे. चांदवडला बायका ट्रॅक्टरमधून एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून आल्या. कॅम्पातल्या बायका भेटतात त्या भिशीला, आणि तिथे नवऱ्याची प्रतिष्ठा सांभाळणं हाच प्रत्येकीचा अलिखित धर्म असतो. एकीने तोंड उघडलं, तर संध्याकाळपर्यंत ते बाजारभावात उतरतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ही बाई स्वतः मालक आहे. तिच्या मोकळ्या वेळाखाली संसरीहून नाहीतर भगूरहून सकाळी सातला येणाऱ्या बाईची मेहनत आहे. त्या बाईला हक्काची रजा नाही, ठरलेली पगारवाढ नाही, दिवाळीला मिळते ती साडी आणि वर ‘आम्ही तुला घरच्यासारखंच मानतो’. हे वाक्य मॅडमने ओळखायला हवं, कारण तेच तिला तीस वर्षं ऐकवलं गेलंय. जुलै २०२४ पासून त्या कामवाल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये येतात. ते निवडणुकीसाठी होते, हे शेंबडं पोरही सांगेल. नवरा ते काढून नेत असेल, असंही धरून चालू. तरी पासबुकावर एकच नाव आहे, आणि ते भरून आणायला ती स्वतः बँकेत जाते. मॅडमला घरच्या बिनमोल कामाचा हिशेब मागायचा असेल, तर तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईचा पगार आणि रजा आधी लेखी ठरवाव्यात, असं मला वाटतं. नाहीतर तिचा प्रश्न खरा असूनही तिच्या तोंडी तो शोभणार नाही.

‘मग काय, घटस्फोट घ्यायचा का?’ हा प्रश्न पुरुष घाबरून विचारतात आणि बायका थकून. बहुतेक जणींना तो नको असतो. त्यांना नवरा नको झालेला नाही, कित्येकींना तो आवडतो. त्याची शुगर, त्याच्या झोपेच्या गोळ्या, तो कुठल्या विनोदाला हसतो हे सगळं तिला ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असण्याला किंमत आहे. तिला हवं आहे ते कमी नाट्यमय आणि म्हणूनच द्यायला जास्त जड. सही करण्याआधी कागद वाचायला वेळ. मृत्युपत्र काय आहे ते जिवंतपणी कळणं. जामीन राहायचं, तर बुडालं तर काय जाईल याची यादी. आणि एखाद्या कागदावर सही न करण्याची मुभा, त्यावरून चार दिवस घरात तोंडं न फुगता. संसारात हिशेब आणू नये, त्याने प्रेम आटतं, असं यावर हमखास ऐकवलं जातं. ऐकवणारे सगळे धंद्यात मुरलेले असतात आणि स्वतःच्या सख्ख्या भावाशी व्यवहार करताना वकिलाला शेजारी बसवतात.

त्या भावाचंच घ्या. नाशिकच्या जुन्या पेढ्यांमध्ये भाऊ भागीदार असतात आणि त्यांना १९३२चा भागीदारी कायदा लागतो. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर नफा भागीदारांत सारखा वाटायचा, असं त्याचं कलम १३ सांगतं. कुणी जास्त राबलं, कुणी कमी, हे कायदा विचारत नाही. कलम १२ प्रमाणे प्रत्येक भागीदाराला पेढीच्या वह्या पाहण्याचा, तपासण्याचा आणि नक्कल घेण्याचा हक्क आहे. धाकटा दीर वर्षातून आठ महिने लोणावळ्याला असला, तरी तो हक्क शाबूत. त्याने वह्या मागितल्या तर थोरला कपाळाला आठ्या घालतो आणि मुनिमाला कपाट उघडायला सांगतो. त्याच घरात वहिनीने वह्या मागितल्या, की आधी विचारतात, ‘हे तुला शिकवलं कुणी?’